सातासमुद्रांपलीकडील एक मुहूर्त

ज्याच्या आयुष्याचीं तीस वर्षें मुलांकडून रूपें घोकून घेण्यांत आणि शुद्धलेखनाच्या वह्या तपासण्यांत गेलीं, त्यानें अमेरिकेंतील धंदेवाईक बास्केटबॉलविषयीं लिहावें, हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. आम्हीं स्वतः तो चेंडू कधीं हातांत धरलेला नाहीं, आणि आमच्या मॅट्रिकपर्यंतच्या इंग्रजीस तेथील निवेदकांचें धांवतें बोलणें अजूनही निम्मेंच कळतें. तथापि गेलीं दोन वर्षें वाईच्या आमच्या घरांत आक्टोबरापासून जूनपर्यंत हा खेळ पाहिला जातो. आणि तोही मागाहून नव्हे, तर अमेरिकेंत सामना चालू असतां त्याच वेळीं. हें कसें साधतें, असें ओळखीचीं माणसें आम्हांस वारंवार विचारतात. मार्ग कोणते, त्यांतील सरळ कोणता व वांकडा कोणता, आणि मुळांत ‘त्याच वेळीं’ पाहण्याचा एवढा अट्टाहास कशासाठीं, हें एकदां सविस्तर सांगावें म्हणून हा लेख.

प्रथम खेळाविषयीं दोन शब्द. बास्केटबॉल हा हळूहळू घडत गेलेला खेळ नव्हे. तो एका शिक्षकानें मुद्दाम विचार करून रचलेला आहे. १८९१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेंत जेम्स नेस्मिथ नांवाचे, कॅनडांत जन्मलेले, व्यायामशिक्षक होते. हिवाळ्यांत मुलांस बंदिस्त जागेंत खेळतां यावें म्हणून त्यांनीं दहा फूट उंचीवर सज्जाच्या कठड्यास पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकविल्या आणि तेरा नियम लिहून काढले. टोपलीची ती दहा फुटांची उंची आजही कायम आहे. वर्गाची अडचण भागविण्यासाठीं एका मास्तरानें काढलेली युक्ति पुढें जगभर पसरावी, याचा आमच्यासारख्या मास्तरास थोडा अभिमान वाटला तर वाचकांनीं तो क्षम्य समजावा. या खेळाची अमेरिकेंतील धंदेवाईक संघटना १९४६ सालीं निराळ्या नांवानें सुरू झाली व १९४९ सालीं तिला एन. बी. ए. हें हल्लींचें नांव मिळालें. आज तिच्यांत ३० संघ आहेत. २९ अमेरिकेंतले व एक कॅनडांतील टोरोंटोचा. प्रत्येक संघ हंगामांत ८२ सामने खेळतो. तीसास ब्याऐंशींनीं गुणून दोहोंनीं भागलें म्हणजे सामने होतात १,२३०. शिवाय एप्रिलपासून जूनपर्यंतच्या अजिंक्यपदाच्या फेऱ्या निराळ्या. तेव्हां पाहणाऱ्यास सामन्यांचा दुष्काळ नाहीं. अडचण आहे ती अंतराची आणि घड्याळाची.

आमच्या घरीं हा खेळ आला तो आमचे धाकटे बंधु नाना यांच्यामुळें. पुण्यास कॉलेजांत असतांना ते बास्केटबॉल खेळत. १९८० सालीं मॉस्कोच्या ऑलिंपिकमध्यें आपल्या देशाचा पुरुषांचा संघ उतरला—तो आजपर्यंत एकदांच—तेव्हां नाना अठरा वर्षांचे होते, आणि वर्तमानपत्रांतील त्या बातम्यांचीं कात्रणें त्यांच्या ट्रंकेंत अद्याप आहेत. पुढें बँकेंतील नोकरी लागली आणि खेळ सुटला. २०१९ च्या आक्टोबरांत मुंबईस वरळीच्या एन. एस. सी. आय. च्या घुमटांत सॅक्रामेंटो किंग्ज व इंडियाना पेसर्स यांचे दोन सामने झाले, एन. बी. ए. चे आपल्या देशांत झालेले ते पहिलेच सामने. सॅक्रामेंटोच्या संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे हे मूळचे मुंबईचे, हें नांव वाचूनच नानांस कौतुक वाटलें होतें. दुसऱ्या दिवशींचा सामना पाहण्यास ते आमच्या नातवास घेऊन गेले. दोन्ही सामने पेसर्सनीं जिंकले. नानांचे चिरंजीव त्याच पेसर्सच्या गांवीं, इंडियानापोलिस येथें, नोकरीस असल्यामुळें तो संघ पुढें घरचाच होऊन बसला.

तीन वर्षांपूर्वीं नानांस अर्धांगवायूचा झटका आला. उजवें अंग लुळें पडलें, बोलणें जड झालें. बुद्धि व स्मरण मात्र शाबूत राहिलें. ज्यांच्या घरीं असें दुखणें आलें असेल त्यांस ठाऊकच आहे कीं, यांत दिवसापेक्षां पहांट कठीण. नानांस साडेतीन-चारास जाग येई, घर सहास उठे. मधले दोन-अडीच तास ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. एकत्र कुटुंबांत आजाऱ्यास सेवेची वाण पडत नाहीं. परंतु अंथरुणावरील माणसास घरांतील प्रत्येक गोष्ट मागाहून कळते. पाहुणे येऊन गेल्यावर, निर्णय झाल्यावर, हंसणें ओसरल्यावर कोणी तरी येऊन त्यास ती सांगतें. सांगणारा प्रेमानेंच सांगतो. पण ऐकणारा नेहमींच शेवटचा असतो.

पहांटेचे ते तास भरून काढण्याची कल्पना आमच्या नातवाची. “नानाआजोबा जागे असतात तेव्हांच तिकडे मॅच चालू असते,” असें तो एके दिवशीं जेवतांना बोलून गेला. तेथून शोध सुरू झाला.

सर्वांत सरळ मार्ग म्हणजे त्या संघटनेनें स्वतःच ठेविलेली वर्गणीची सोय. तिला लीग पास म्हणतात. वर्गणी भरली कीं मोबाइलवर, संगणकावर अथवा इंटरनेट जोडलेल्या टी. व्ही. वर सामने चालू असतांनाच दिसतात. सर्व संघांचे सामने घ्यावे किंवा आपल्या आवडत्या एकाच संघाचे घ्यावे, अशी निवड असते. ज्यास त्या वेळीं पाहतां आलें नाहीं त्यास तोच सामना मागाहून संपूर्ण अथवा संक्षिप्त पाहतां येतो. आणि गुणसंख्या आधींच दिसून रसभंग होऊं नये म्हणून ती झांकून ठेवण्याचीही सोय आहे. ही शेवटची सोय ज्यानें काढली तो मनुष्यस्वभाव जाणणारा असला पाहिजे.

या वर्गणींत एक मौज आहे. खुद्द अमेरिकेंत राहणाऱ्या वर्गणीदारास आपल्या गांवच्या संघाचे सामने लीग पासवर चालू असतांना दिसत नाहींत. कारण त्या त्या भागांतील हक्क तेथील स्थानिक वाहिन्यांनीं विकत घेतलेले असतात. म्हणजे इंडियानापोलिसांत बसलेल्या आमच्या पुतण्यास जो सामना या मार्गानें बंद, तोच वाईस कृष्णाकांठीं बसलेल्या त्याच्या वडिलांस खुला! दिव्याखालीं अंधार म्हणतात तो हाच.

दुसरा मार्ग देशांतील वाहिन्यांचा. प्रत्येक देशांत कोणी तरी प्रक्षेपणाचे हक्क विकत घेतो व निवडक सामने टी. व्ही. वर किंवा इंटरनेटवर दाखवितो. परंतु हे हक्क मुदतीचे असतात. आपल्याकडे २०१२ पासून कांहीं वर्षें ते सोनीच्या वाहिनीकडे होते, पुढें २०२२ मध्यें व्हायकॉम १८ कडे गेले. म्हणून या मार्गानें जाणाऱ्यानें प्रत्येक वर्षीं आक्टोबर लागण्यापूर्वीं यंदां हक्क कोणाकडे आहेत याची चौकशी करावी, आणि मगच पैसे भरावे. गतवर्षींच्या वाहिनीची वर्गणी पुढें चालू ठेवून सामन्याची वाट पाहत बसणें म्हणजे बंद झालेल्या पाणपोईवर घागर घेऊन उभें राहणें होय. या हक्कांची किंमत किती असते याची कल्पना यावी म्हणून एकच आंकडा देतों. २०२५-२६ च्या हंगामापासून अकरा वर्षांसाठीं डिस्ने, एन. बी. सी. व ॲमेझॉन या तीन कंपन्यांनीं अमेरिकेंतील हक्कांसाठीं मुख्यतः जो करार केला, तो सुमारें ७,६०० कोटी डॉलरांचा आहे. व्यापारी लोक एवढा पैसा ओततात तो उगीच नव्हे. नाटक-सिनेमा उद्यां पाहिला तरी चालतो. चालू सामना उद्यांवर टाकतां येत नाहीं, हें त्यांनीं बरोबर ओळखलें आहे.

वांकड्या वाटाही आहेत, आणि सरळ वाटेपेक्षां त्या अधिक रुंद दिसतात. ओळखीच्या एका मुलानें “पैसे कशाला भरतां?” असें म्हणून फुकटांत सामना दाखविणारें एक ठिकाण उघडून दाखविलें. सामना होता खरा. परंतु त्याच्या चोहों बाजूंस जुगाराच्या जाहिराती नाचत होत्या. एक मिटावी तों दोन उघडत. द्यूतानें खेळाची काय दशा होते हें महाभारत वाचणाऱ्यांस सांगणें नको, एन. बी. ए. नेंही २०२४ सालीं पैजांत गुंतलेल्या आपल्या एका खेळाडूस जन्माची बंदी केली आहे. शिवाय जी वस्तु दुसऱ्याच्या मालकीची, ती त्यास न विचारतां घेणें यास आमच्या शास्त्रांत एकच नांव आहे, मग ती वस्तु तारेंतून येवो कीं वाऱ्यांतून. आपण दुसऱ्याच देशांत बसलों आहों असा बहाणा संगणकाकडून करवून घेऊन तेथील स्वस्त किंवा खुलें प्रक्षेपण पाहण्याचीही एक युक्ति आहे. ती बहुधा वर्गणीच्या अटींविरुद्ध असते आणि ऐन वेळीं दगा देते. आम्ही कांहीं बोलण्यापूर्वींच नानांनीं डावा हात हलवून “नको” म्हटलें. तीस वर्षें बँकेंत दुसऱ्याचा पैसा मोजलेल्या माणसास यावर अधिक विचार करावा लागला नाहीं.

आतां घड्याळाचें गणित. पुष्कळांचा घोटाळा येथेंच होतो. अमेरिकेंत मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत घड्याळें एक तास पुढें असतात. आपलीं बारा महिने एकाच जागीं. म्हणून न्यूयॉर्क किंवा इंडियानापोलिस येथें संध्याकाळीं सात वाजतां सुरू होणारा सामना आक्टोबरांत आपल्याकडे पहांटे साडेचारास, तर डिसेंबर-जानेवारींत साडेपांचास लागतो. पश्चिम किनाऱ्यावरील सॅक्रामेंटो, लॉस एंजेलिस या ठिकाणचा सातचा सामना हिवाळ्यांत आपल्या सकाळच्या साडेआठास येतो. शिवाय वार बदलतो: तेथील मंगळवार रात्र म्हणजे आपली बुधवार सकाळ. आमच्या नातवानें हें सर्व एका पुठ्ठ्यावर लिहून तो नानांच्या खाटेसमोर टांगला आहे. सामना दोन-सव्वादोन तास चालतो. इतका वेळ स्वच्छ चित्र यावयाचें तर मोबाइलच्या रोजच्या बेतशीर डेट्यानें भागत नाहीं, घरांत तारेचें इंटरनेट लागतें. आणि वीज जाणाऱ्या गांवीं इन्व्हर्टरही.

ज्यांस पहांटे उठणें शक्य नाहीं त्यांनीं निराश होऊं नये. ऑस्ट्रेलियाच्या धंदेवाईक लीगचा मेलबर्न येथें संध्याकाळीं साडेसातास सुरू होणारा सामना उन्हाळी घड्याळामुळें आपल्या दुपारीं बरोबर दोनास येतो. वामकुक्षी सोडण्याची तयारी मात्र हवी. रात्रीं जागणाऱ्यांसाठीं युरोलीग आहे. तेथील आठचे सामने हिवाळ्यांत आपल्या साडेबारास सुरू होतात. १९९७ पासून अमेरिकेंत स्त्रियांचीही धंदेवाईक लीग चालते, आणि तिचा हंगाम उन्हाळ्यांत असल्यामुळें पुरुषांचे सामने संपले तरी पहांट रिकामी राहत नाहीं. आमच्या घरांतील स्त्रिया आतां नानांच्या सामन्यांपेक्षां तेच अधिक आवडीनें पाहतात.

हें सर्व ठरत आलें तेव्हां घरांत हरकत निघाली ती आमच्या भावजयीची, आणि ती रास्त होती. अगोदरच रक्तदाब; त्यांत सामन्याच्या चुरशीनें जीव वर-खालीं झाला तर? तिनें डॉक्टरांस विचारलें. डॉक्टरांनीं अटी घातल्या: औषध आधीं, आवाज मंद, कोणी तरी सतत जवळ, आणि जीव घाबरला तर तत्क्षणीं बंद. “मात्र माणूस ज्याची वाट पाहत उठतो अशी एक गोष्ट त्यास द्या,” असेंही ते म्हणाले. दुसऱ्या दिवशीं वर्गणीचे पैसे तिनेंच आपल्या डब्यांतून काढून नातवाच्या हातांत ठेविले. “जवळ कोणी तरी” हें कलम आमच्याकडे आलें. कारण पहांटे उठून आह्निक करण्याची संवय आमची जुनीच. तें आतां तासभर आधीं उरकतों.

प्रथम आम्ही केवळ सोबतीस बसत असूं. मग एके दिवशीं खेळाच्या घड्याळाकडे लक्ष गेलें आणि आम्ही चकित झालों. या खेळांत चेंडू हातीं आलेल्या संघास २४ सेकंदांच्या आंत तो टोपलीकडे फेंकावाच लागतो. पूर्वीं असा नियम नव्हता. आघाडी मिळालेला संघ चेंडू नुसता आपसांत खेळवीत बसे. १९५० सालीं एक सामना अवघ्या १९ विरुद्ध १८ गुणांवर संपला. प्रेक्षक कंटाळूं लागले. तेव्हां सिरॅक्यूजच्या संघाचे मालक डॅनी बियासोन यांनीं हिशेब मांडला: चांगल्या सामन्यांत दोन्ही संघ मिळून सुमारें १२० वेळां चेंडू फेंकतात, सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा, १२० नें भागतां २४. १९५४ पासून तो नियम झाला आणि खेळ वांचला. आतां आपलें जुनें कालमान पाहा. अहोरात्राच्या घटिका साठ, घटिकेचीं पळें साठ. म्हणजे पळ बरोबर २४ सेकंदांचें. दोन घटिकांचा मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटें. आणि मुहूर्ताचीं पळें १२०! सबंध सामना एक मुहूर्त, आणि त्यांतील प्रत्येक डाव एक पळ. त्यांतही हिवाळ्यांत साडेपांचास लागणारा पेसर्सचा सामना आमच्याकडे ऐन ब्राह्म मुहूर्तावर येतो. हा निव्वळ योगायोग होय. आमच्या पूर्वजांस बास्केटबॉल ठाऊक होता असें प्रतिपादन करण्याचा आमचा मुळींच विचार नाहीं, आणि कोणीं तें केल्यास आमचा दाखला देऊं नये. परंतु नानांस हें सांगितलें तेव्हां ते बऱ्याच दिवसांनीं मोकळे हंसले. ज्या माणसाचे पहांटेचे दोन तास एका दगडासारखे छातीवर बसत, त्याच्यापुढें तेच तास आतां पळापळानें सुटे होऊन येऊं लागले. पळ संपलें कीं नवें पळ, नवा डाव. आणि त्यांत काय होईल हें कोणासच ठाऊक नाहीं.

या शेवटच्या गोष्टींतच ‘त्याच वेळीं’ पाहण्याचें मर्म आहे. व्यासांनीं संजयास दिव्य दृष्टि दिली व त्यानें राजवाड्यांत बसून अंध धृतराष्ट्रास युद्ध जसें घडत गेलें तसें ऐकविलें, अशी सामान्य समजूत आहे. हल्लीं तर संजयास पहिला निवेदक म्हणण्याची चाल पडली आहे. परंतु भीष्मपर्व उघडून पाहिल्यास निराळें दिसतें. संजय रणांगणावरून येतो तो भीष्म पडले ही वार्ता घेऊन. दहा दिवस उलटून गेलेले असतात. मग राजानें विचारल्यावरून तो मागें जाऊन पहिल्या दिवसापासूनची हकीकत सांगतो. खुद्द भगवद्गीता या मागाहूनच्या हकीकतींतच येते. धृतराष्ट्राचें दुःख जेवढें अंधत्वाचें, तेवढेंच सर्व कांहीं घडून गेल्यावर कळण्याचें आहे. आणि ही पाळी डोळस लोकांवरही येते. १६ मे १९८० रोजीं, मॅजिक जॉन्सन या वीस वर्षांच्या खेळाडूनें जखमी करीम अब्दुल-जब्बार याच्या जागीं उभें राहून ४२ गुण केले व लॉस एंजेलिसला अजिंक्यपद मिळवून दिलें, तो प्रसिद्ध सामना खुद्द अमेरिकेंतील अनेक शहरांत त्या वेळीं दाखविलाच गेला नाहीं. रात्रीं उशिरां त्याचें चित्रमुद्रण दाखविण्यांत आलें. त्या रात्रीं अर्धी अमेरिका धृतराष्ट्राच्याच आसनावर बसली होती.

आमच्या व्याकरणांत वक्त्यानें स्वतः न पाहिलेल्या भूतकाळासाठीं लिट् हा निराळा लकार आहे. आजाऱ्याशीं घरचीं माणसें बहुधा याच लकारांत बोलतात. चालू सामना हा वर्तमानकाळाचा, लट् लकाराचा विषय. अर्थात् तोही पुरता नव्हे. चित्र कॅमेऱ्यापासून आमच्या भिंतीपर्यंत येतांना वाटेंत तुकडे होऊन, सांठून, पुन्हां जुळून येतें. त्यांत कधीं अर्धें मिनिट जातें. पुतण्या तिकडून फोनवर असला म्हणजे आमच्या येथें चेंडू अजून हवेंत असतांनाच तो “गेला!” म्हणून ओरडे. शेवटीं नानांनीं दंडक घातला कीं, चरण संपेपर्यंत फोन बंद. सामन्याचे बारा बारा मिनिटांचे चार भाग असतात. त्यांस आमच्या घरीं श्लोकाप्रमाणें चरण म्हणतात. आतां दोन चरणांमधल्या विश्रांतींत बापलेक बोलतात. पूर्वीं पुतण्या फोन करी तेव्हां औषध घेतलें का, झोंप लागली का, एवढेंच विचारी. आतां त्यांच्यांत वाद होतात.

गतवर्षीं पेसर्स अजिंक्यपदाच्या मालिकेपर्यंत पोहोंचले. प्रतिस्पर्धी ओक्लाहोमा सिटीचा संघ. ६ जून २०२५ रोजीं सकाळीं सहास पहिला सामना लागला तेव्हां खोलींत घरचीं नऊ माणसें होतीं. चौथ्या चरणांत पेसर्स १५ गुणांनीं मागें होते. भावजयीनें रक्तदाबाचें यंत्र मांडीवर घेऊन ठेविलें होतें. मग अंतर कमी होऊं लागलें, आणि ०.३ सेकंद उरले असतां टायरीज हॅलिबर्टन यानें चेंडू टोपलींत घातला: १११ विरुद्ध ११०. सबंध मुहूर्तभरांत पेसर्स पुढें होते ते तेवढ्या ०.३ सेकंदांपुरतेच. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत हे आंकडे ज्यानें वाचले त्यास सामना कळला. पण ‘आतां गेलाच’ आणि ‘आला!’ यांच्यामधील तें पळ त्यास मिळालें नाहीं.

मालिका सातव्या सामन्यापर्यंत लांबली. २३ जूनच्या पहांटे पहिल्याच चरणांत तोच हॅलिबर्टन जमिनीवर कोसळला. त्याच्या टांचेवरची शीर तुटली होती. तो हातानें जमीन बडवीत होता. खोलींत कोणी बोललें नाहीं. नानांकडे पाहण्याचें धैर्य आम्हांस होईना. बऱ्याच वेळानें तेच बोलले, एकेक शब्द सावकाश जुळवून: “उठेल. वेळ लागेल.” सामना १०३ विरुद्ध ९१ असा हरला. पुढें त्या खेळाडूस २०२५-२६ चा सबंध हंगाम खेळतां येणार नाहीं असें संघानें जाहीर केलें, तेंही नानांनीं शांतपणें ऐकून घेतलें.

या पाहण्यानें नानांचा हात हलूं लागला असें आम्ही सांगणार नाहीं. तो हललेला नाहीं. झालें तें एवढेंच. पहांटे त्यांच्या खाटेभोंवतीं माणसें जमूं लागलीं. चहा तेथेंच येऊं लागला. आणि माणसें व चहा जेथें जमतात तेथें घरच्या गोष्टीही निघतातच. धाकट्या नातीच्या लग्नाचें स्थळ, मागील दारच्या भिंतीची दुरुस्ती, पुतण्याच्या नोकरींतील बदल, हे विषय आतां दोन चरणांच्या मध्यें निघतात आणि नानांच्या देखत ठरतात. भिंतीच्या बाबतींत तर त्यांनीं कंत्राटदाराचा हिशेब तोंडीं तपासून चार हजारांची चूक काढली.

ज्यांच्या घरीं असें कोणी अंथरुणास खिळलेलें असेल, त्यांनीं बास्केटबॉलच पाहावा असा आमचा आग्रह नाहीं. ज्याचा त्याचा खेळ निराळा. कोणास कसोटी क्रिकेट, कोणास बुद्धिबळ, कोणास कीर्तन. वर्गणी रीतसर भरावी, घड्याळाचा मेळ घालावा, डॉक्टरांस विचारावें, हें वर सांगितलेंच आहे. एकच गोष्ट अधिक सांगतों. चित्र लावून देऊन आपण कामास निघून जाऊं नये. घडून गेलेलें सांगणारे संजय प्रत्येक घरीं पुष्कळ असतात. जें अजून घडावयाचें आहे तें त्याच्या शेजारीं बसून, त्याच्याइतक्याच अजाणपणें पाहणारें एक माणूस त्यास मिळालें, म्हणजे पुरे.